स्क्रीन तीनचा दुसरा आठवडा

६ मार्च, शुक्रवार. सकाळी

खालचा कोपरा पुन्हा सुटला म्हणून पुन्हा शिडी चढलो. वॉचमन शिडी धरायची सोडून फोनवर कुणाला तरी झापत होता. ब्रशची मूठ दातात धरली, कोपरा तळहाताने दाबून उभा राहिलो. गोंद आमच्याच दुकानातला. वॉलपेपरचा. एकदा लावला की जन्मात सुटत नाही, असं मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो.

सुटतो.

तिसऱ्या खेपेला पोस्टर लागलं. 'ओला रंग'. खाली निर्माता म्हणून मी. थिएटरचा मॅनेजर बाहेर येऊन म्हणाला, शेठ, ह्या कामाला आमच्याकडे माणूस आहे. मी म्हटलं, निर्मात्याने स्वतःच्या हाताने लावलेल्या पोस्टरची गोष्ट वेगळी असते. तो मान तिरकी करून म्हणाला, वेगळी आहे खरी, वाकडं लागलंय.

मुद्दाम वाकडं लावलंय. सरळ पोस्टरकडे कोण बघतं?

त्याच दिवशी, संध्याकाळी

अकरा माणसं.

आकडा लहान वाटतो. पण ही माणसं कोणी न बोलावता आली. म्हणजे मेहुणा सोडून. त्याला मी बोलावलं होतं. तो मध्यंतरात निघून गेला, म्हणून त्याला हिशोबात धरत नाही. राहिले दहा. दहाच्या दहा अस्सल.

नियम आजच लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून वाद नको. खर्च वसूल होऊन वर तेवढेच पैसे उरले तर हिट. नुसता खर्च निघाला तर ॲव्हरेज. त्याखाली फ्लॉप. ही व्याख्या माझी नाही, धंद्याची आहे. तिच्यात पळवाट नाही. मला पळवाट नकोच.

मॅनेजरची अटही लिहून ठेवतो. स्क्रीन तीन, शंभर सीट, रोज सहाचा एकच शो. सोमवार, मंगळवार, बुधवार निम्मं थिएटर भरलं तर दुसरा आठवडा. नाहीतर गुरुवारी शेवटचा खेळ.

दुसरा आठवडा कशाला हवा? चॅनेलसाठी. चॅनेलच्या बाईंना मी विचारलं होतं, सिनेमा कधी बघायला येता? त्या म्हणाल्या, सर, आम्ही सिनेमा बघत नाही, आम्ही आठवडे बघतो. दोन आठवडे चालला तर चाललेल्या सिनेमाचा भाव. एकात उतरला तर किलोवर घेऊ. चाललेल्या सिनेमाचा भाव आला की बँकेचं कर्ज फिटतं आणि गोडाऊन सुटतं.

गोडाऊन दुकानाच्या मागचं. दुकान रंगाचं, दोघा भावांचं. गोडाऊन तारण ठेवून सिनेमा काढला, सही दादाचीही आहे. सही करताना तो म्हणाला, हे एकदाच. पैसे नाही आले तर गोडाऊन शेजारच्या टाइल्सवाल्याला द्यायचं, आणि तू मुकाट्याने काउंटरवर यायचं. मी म्हटलं, काउंटरवर आता मी मेलो तरी बसणार नाही. तो म्हणाला, मेल्यावर बसता येतही नाही.

दादाला विनोद फार कमी सुचतात. सुचले की माझ्यावर.

७ मार्च, शनिवार

चौदा.

कालपेक्षा तीन जास्त. म्हणजे सत्तावीस टक्के वाढ. एका रात्रीत सत्तावीस टक्के! दादाच्या दुकानात सगळ्यात खपणारा पांढरा डिस्टेंपरसुद्धा वर्षाला पाच टक्क्यांच्या वर वाढलेला नाही. त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, बरं. मग म्हणाला, प्राइमरचे डबे कुठल्या रॅकला ठेवलेस ते आठवतं का?

आठवत होतं. सांगितलं नाही. मी आता त्या माणसांतला नाही.

सांगितलं. डावीकडचा, खालचा.

८ मार्च, रविवार

नऊ.

रविवारी चांगली माणसं घरच्यांबरोबर असतात. जे रविवारी एकटे उठून सिनेमाला येतात त्यांच्या जिवावर धंदा मांडणं चूक आहे.

तरी एक गोष्ट लक्षात आली, ती महत्त्वाची. नवापैकी सात जण शेवटपर्यंत बसले. सिनेमात नायक भिंत रंगवतो आणि ती वाळेपर्यंत थांबतो. नऊ मिनिटं पडद्यावर नुसती भिंत. आमच्याच गोडाऊनची मागची भिंत आहे ती, तीन वेळा रंगवून घेतली होती. त्या नऊ मिनिटांत फक्त दोघे उठले. अंधारात सीट दाखवणारा बॅटरीवाला म्हणाला, राहिलेल्या सातांतले तीन झोपले होते. मी म्हटलं, झोपलेला माणूस उठून जात नाही. तो धरायचाच.

डायरेक्टर आज दाराशी उभा होता. ते दोघे बाहेर पडले तेव्हा त्याने त्यांच्याशी हात मिळवले. मी खडसावलं. तो म्हणाला, सर, माणूस अस्वस्थ होऊन उठला म्हणजे सिनेमा पोचला. कोणी उठलंच नाही तर मला भीती वाटेल. मी विचारलं, तुझ्या हिशोबाने आपला सिनेमा कसा चाललाय? तो म्हणाला, शुक्रवार उत्तम गेला. चार जण उठले.

त्या चारांत माझा मेहुणा.

नियमात दुरुस्ती. खर्च वसूल होणं ही व्याख्या मोठ्या, उथळ सिनेमांसाठी आहे. आपल्यासारख्याला प्रेक्षक टिकण्याचं प्रमाण बघायचं. नवात सात. शेकड्यात अठ्ठ्याहत्तर. स्क्रीन एकवर मारामारीचा सिनेमा लागलाय, त्याची तरी एवढी माणसं टिकत असतील का? शंकाच आहे. तो तीनशे जण बघतात, त्यामुळे मोजता येत नाही एवढंच.

९ मार्च, सोमवार. दुपारी

धंद्यात सोमवारला मानतात. शनिवार-रविवार कोणीही चालतो. सोमवारी चालला तो खरा.

आत्तापर्यंत सहा तिकिटं गेली आहेत. पन्नास हवीत.

सोमवार, पाच वाजता

विचार केला. आपण घाबरायचं का? नाही.

तिकिटाच्या पैशातले निम्मे थिएटर ठेवतं, निम्मे निर्मात्याला देतं. म्हणजे मी तिकीट काढलं तर निम्मे पैसे माझ्याकडेच परत येतात. म्हणजे मला ते अर्ध्या भावात पडतं. मधला कर सोडला तर. वीस वर्षं होलसेलमध्ये काढली, असा माल पहिल्यांदा बघतोय. दादाला सांगितलं असतं तर त्यानेही घेतला असता.

दादाला सांगायचं नाही.

हा खर्च नाही. जाहिरातीवर लोक पैसे उडवतातच की. मी थेट तिकिटावर लावतोय. मधला दलाल गेला.

माझं कार्ड चालेना. हिचं चाललं.

सोमवार, आठ वाजता

पन्नास! रविवारी नऊ, सोमवारी पन्नास. पाचपटीहून जास्त. हे मी कुठेही छातीठोकपणे सांगू शकतो. डायरेक्टरला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, पन्नास माणसांना आवडतोय म्हणजे कुठेतरी आपलं चुकलंय, सर.

घरी आलो तर ही फोन हातात घेऊन दारातच. म्हणाली, अहो, माझ्या कार्डावर तुम्ही चव्वेचाळीस जणांना सिनेमाला नेलंत. मला काही अजून विचारलं नाहीत.

मी म्हटलं, तू घरचीच.

ती म्हणाली, हो ना. कार्डपण घरचंच.

ह्या बाईला व्यवसायाची दृष्टी नाही, असं मी लग्नापासून म्हणत आलोय.

१० मार्च, मंगळवार

आज सकाळी दहालाच सुरुवात केली. मधल्या रांगा घेतल्या, सी पासून एच पर्यंत. जाणता प्रेक्षक मधे बसतो. पुढच्या दोन आणि मागच्या कोपऱ्यातल्या काही सीट सोडल्या. अडाण्यांसाठी.

दुपारी जेवताना सहज फोनवर सीटचा नकाशा उघडला. गेलेल्या सीट लाल दिसतात. सगळा मधला भाग लाल. शेंदरी नाही, विटकरी नाही, सरळ लाल, आमच्या शेडकार्डवर पहिल्या पानावर असतो तो. ऊर भरून आला. एवढी माणसं! कुठून आली असतील? आपापली कामं टाकून, कुणी मुलांना शेजारी ठेवून?

घास हातात तसाच राहिला. ही म्हणाली, काय झालं? मी नकाशा दाखवला. तिने बघितलं आणि भाजी वाढून आत गेली.

त्याच दिवशी, शोनंतर

चौऱ्याहत्तर! सत्तर अधिक चार.

मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. वाटलं अभिनंदन करतोय. म्हणाला, शेठ, चौऱ्याहत्तर तिकिटं गेली आणि पॉपकॉर्न गेले दोन. तुमचा प्रेक्षक घरून जेवून येतो का?

मी म्हटलं, गंभीर सिनेमाचा प्रेक्षक चरत बसत नाही.

तो म्हणाला, मग मी काय खाऊ? आणि खुर्ची ओढून मला समजावायला बसला. तिकिटाचं आमच्याकडे राहतं त्यात एसी चालतो, झाडूवाला येतो, संपलं. थिएटर चालतं पॉपकॉर्नवर. माझा मालक मला सिनेमाचं नाव विचारत नाही. डोक्यामागे किती डबे, एवढंच विचारतो. स्क्रीन एकला दोन माणसांत एक डबा. तुमच्याकडे सदतीस माणसांत एक.

धंदा कुठल्या थराला गेलाय बघा. कलाकृतीची किंमत मक्याच्या लाह्यांवर. मी त्याला सरळ सुनावलं, हिट कशाला म्हणायचं ते पब्लिक ठरवेल, तुमचं फ्रायर नाही. तो म्हणाला, शेठ, पॉपकॉर्न तळत नाहीत.

मुद्दा तो नव्हता.

११ मार्च, बुधवार. सकाळी

आज निकाल. निम्मं भरलं की दुसरा आठवडा.

पण निम्मं कशाला? निम्म्यावर समाधान मानणारा माणूस काउंटरवर बसतो. आपण पूर्ण भरायचं. थिएटरवर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागली पाहिजे आणि तिचा फोटो चॅनेलच्या बाईंना गेला पाहिजे. बघा म्हणावं, आठवडे बघता ना, हे बघा.

हिने कार्ड लपवलं आहे. पिठाच्या डब्यात सापडलं.

अडाण्यांच्या सीटसुद्धा घेतल्या. दोन तिकिटं माझ्या आधी कोणीतरी काढलेली होती, त्यामुळे अठ्ठ्याण्णव. त्या दोघांचा जरा रागच आला. नकाशात माझ्या लालाला लागून त्यांचं लाल.

बुधवार, संध्याकाळी

सगळं नीट लिहून ठेवतो. पुढे कोणी मुलाखत घेतली तर उपयोगी पडेल.

पाच वाजता पोचलो. स्क्रीन तीनला हाऊसफुल्लची पाटी नव्हतीच, कधी लागलीच नव्हती. स्टोअरमध्ये पोछ्यांच्या मागे स्क्रीन एकची जुनी सापडली. मीच पुसली, मीच लावली. फोटो काढला. बाईंना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

मग पॉपकॉर्न. मॅनेजरचं तोंड बंद करायचं होतं. चाळीस डबे मागितले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पार्टी आहे का? मी म्हटलं, हाऊसफुल्ल आहे. तिने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डबे भरायला लागली. चार-चार करून दहा फेऱ्यांत सगळे आत नेले. पहिल्यांदा वाटलं बॅटरीवाला मदत करेल. तो माझ्या पायापुढे बॅटरी धरून चालत राहिला, एवढीच मदत.

डबे मधल्या रांगांत एक सीट सोडून एक असे ठेवले. लांबून बघितलं तर अंधारात डोकी बसल्यासारखी दिसत होती.

खरी माणसं दोन. एक आजोबा आणि त्यांची नात. सातव्या मिनिटाला नात म्हणाली, आजोबा, हे सगळे पॉपकॉर्न कुणाचे? ते म्हणाले, गप्प बस, येतील लोक. नात म्हणाली, कधी? आजोबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं.

त्याआधी, शो सुरू होता होता, बाहेर गलका झाला होता. बरीच माणसं एकदम बोलत होती, कोणीतरी मोठ्याने हसलं, मग आवाज लांब गेले. स्क्रीन एकचं पब्लिक असणार. मारामारी बघायला येणारी माणसं रांगेतसुद्धा शांत उभी राहत नाहीत.

भिंतीचा शॉट आला. आज पहिल्यांदाच मी तो पुरा बघितला. एरवी मी त्या वेळी प्रेक्षकांकडे बघत असतो. ओला रंग आधी चकचकतो, मग एका कोपऱ्याने मंद होत जातो. उजवीकडे खाली पोपडा निघालेली जागा आहे, तिथे लहानपणी दादाने आमची उंची खिळ्याने कोरली होती. रंगाचे तीन हात दिले तरी रेघा दिसतात. त्याची वरची. माझी खालची.

चांगला शॉट आहे. जरा लांबलाय.

नंतर डबे दोन पोत्यांत भरून रिक्षाने गोडाऊनला नेले. टाकवेनात. दुकान बंद होतं. बुधवारी, साडेआठच्या आत, दुकान बंद! मी नसलो की दादा कसा धंदा करतो ते ह्यावरून कळतं.

नियमात शेवटची दुरुस्ती. हाऊसफुल्ल म्हणजे हिट. ह्याहून सोपी व्याख्या जगात नाही. पाटीवर लिहिलेलं असतं.

१२ मार्च, गुरुवार

दुपारी बारा वाजता थिएटरला गेलो. दुसऱ्या आठवड्याच्या वेळा ठरवायला. एकऐवजी दोन शो मागायचे असं ठरवून गेलो होतो.

पोस्टर नव्हतं. त्या जागी दुसरं, सरळ लावलेलं.

मॅनेजरने चहा मागवला. तेव्हाच ओळखायला हवं होतं. म्हणाला, शेठ, आज सहाला शेवटचा खेळ.

मी फोनवर पाटीचा फोटो उघडून त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, मी कुठे नाही म्हणतो, हाऊसफुल्लच होतं. म्हणून तर उतरवतोय. निम्मं थिएटर भरलं असतं तर निम्मी माणसं आली असती, त्यातल्या निम्म्यांनी डबा घेतला असता. तुमचं पुरं भरतं आणि आत कुत्रं नसतं. असे दोन हाऊसफुल्ल आणखी झाले तर माझी नोकरी जाईल.

मी म्हटलं, चाळीस डबे गेले काल. तो म्हणाला, एका माणसाला गेले. दुसऱ्या आठवड्यात तो माणूस रोज चाळीस खाणार आहे का?

मी फोन उचलून खिशात ठेवला.

मग त्याने चहाची बशी पुढे सरकवली आणि सहज बोलावं तसं बोलला. म्हणाला, काल वाईट वाटलं मला तुमच्यासाठी. सहाच्या आधी पन्नासेक माणसं आली होती, एकगठ्ठा. तुमचाच सिनेमा मागत होती. कपड्यांना रंग लागलेले. एक वयस्कर गृहस्थ पुढे, इस्त्रीचा शर्ट, म्हणाले, ओला रंग, पन्नास द्या. तिकीट देणाऱ्या मुलीने पाटी दाखवली. तेवढी तुमच्याकडे बसली असती तर मीच दुसरा आठवडा दिला असता. मग स्क्रीन एकला बसवली. काय खाल्लं त्यांनी, शेठ! काउंटर रिकामा झाला.

मी विचारलं, ते गृहस्थ काय म्हणाले, पाटी बघून?

तो म्हणाला, काही नाही. खिशातून चष्मा काढला, पाटी वाचली, मागे वळून सगळ्यांना म्हणाले, बघा.

चहा घेतला नाही.

गुरुवार, चार वाजता

दुकानावर गेलो. म्हणजे जाणारच होतो.

वहिनी दारातच होत्या. म्हणाल्या, अहो भावजी, काय हे, सख्ख्या भावाला तिकीट मिळेना तुमच्या सिनेमाचं! काल पाचला दुकान बंद केलं ह्यांनी. सासरे गेले त्या दिवसानंतर पहिल्यांदा. आठवडाभर रंग न्यायला येणाऱ्या प्रत्येक पेंटरला सांगत होते, बुधवारी संध्याकाळी कोणी काम घ्यायचं नाही, धाकट्याचा सिनेमा आहे, तिकीट माझं. तुम्हाला सांगू नका म्हणाले. सांगितलं तर तो आणखी फुगेल म्हणाले.

दादा शेडकार्ड पुसत होता. वर न बघता म्हणाला, मारामारीचा बघितला मग. बरा होता. आवाज फार.

मग म्हणाला, टाइल्सवाला सकाळी आला होता. त्याला सांगितलं, गोडाऊन विसर. काल पाटी बघितली मी डोळ्यांनी.

त्याच वेळी चॅनेलच्या बाईंचा फोन यायचा होता. आला. दुकानात रेंज कमी, आवाज नीट येत नाही, म्हणून स्पीकरवर ठेवायची सवय. त्या म्हणाल्या, सर, थिएटरशी बोलले, उद्यापासून नाहीये तुमचा. किलोच्या भावाचा कागद पाठवते, बघून घ्या. मी म्हटलं, हाऊसफुल्लचा फोटो? त्या म्हणाल्या, छान आला होता.

दादाने शेडकार्ड खाली ठेवलं. उठून मागे गोडाऊनमध्ये गेला. बराच वेळ आला नाही. मी गेलो तेव्हा तो पोत्यांपाशी उभा होता. एक डबा हातात, झाकण काढलेलं. एक दाणा तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं. थिनरचा वास लागतो इथे सगळ्याला.

म्हणाला, शंभरातली किती तुझी?

मी म्हटलं, तसं बघितलं तर धंद्यात सगळेच...

म्हणाला, किती?

मी म्हटलं, अठ्ठ्याण्णव.

ओरडला असता तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं, तयार होतं. तो डब्याचं झाकण लावत म्हणाला, माणसंच हवी होती तर सांगायचंस की. माझ्याकडे रोज येतात.

गुरुवार, संध्याकाळी

शेवटच्या खेळाला गेलो नाही. ही गेली. स्वतःच्या पैशाने तिकीट काढून गेली, मला न सांगता. आल्यावर विचारलं, किती होते? म्हणाली, बारा. विचारलं, उठलं कोणी? म्हणाली, मोजलं नाही. मग पाय धुता धुता म्हणाली, ती भिंत आवडली मला.

तेवढं बोलून झोपायला गेली.

माझं मत मी इथे ठामपणे नोंदवून ठेवतो. हाऊसफुल्ल चालू असताना थिएटरने उतरवलेला दुसरा सिनेमा कोणी मला दाखवावा. दाखवताच येणार नाही. लोक तिकीट मागायला येत होते आणि मिळत नव्हतं. पन्नास माणसं परत गेली. पन्नास! हे फ्लॉपचं लक्षण नाही. फ्लॉपला कोणी परत जात नाही. किलोचा भाव हा चॅनेलचा दोष. पॉपकॉर्न हा थिएटरचा दोष. दादाने आधी सांगायला हवं होतं, हा दादाचा दोष. ज्याची मागणी पुरी करता आली नाही तो सिनेमा, असं म्हणणंच योग्य ठरेल.

डायरेक्टरचा फोन आला होता. विचारत होता, पुढच्या सिनेमाचं कधी बोलू या? त्याला म्हटलं, लवकरच. माझ्या डोक्यात विषय आहे. ह्या वेळी खर्च कमी. काउंटरवर मी बसणार नाही हे मी पूर्वीही लिहिलंय आणि आजही लिहितो.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी नऊला दुकान उघडलं. दादाला यायला उशीर झाला, म्हणून काउंटरवर मी बसलो. पहिला आला तो पेंटर. प्राइमरचे दोन डबे मागितले, डावीकडच्या खालच्या रॅकवरून काढून दिले. म्हणाला, शेठ, परवा आलो होतो आम्ही सगळे, तुमचं तिकीट काही मिळालं नाही. मी म्हटलं, हो, गर्दी होती.

दहा वाजता टाइल्सवाला टेप घेऊन आला. गोडाऊनमधली पोती त्याला आडवी येत होती, ती बाजूला केली. मागच्या भिंतीपासून मोजायचं होतं. एकट्याला टेप पुरेना म्हणून दुसरं टोक मी धरलं.